बोलणारा सिंह आणि शुभवर्तमान

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला वधस्तंभाची कथा आपण पहिल्यांदा कधी ऐकली हे सहसा सांगता येत नाही, कारण ती त्याने नीट बोलायला शिकण्याआधीच ऐकलेली असते. पुढे रविवारच्या शाळेत तीच कथा चित्रांसह येते, दरवर्षी गुड फ्रायडेच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर संदेश होतात, आणि मूल मॅट्रिकला पोहोचेपर्यंत पाळकांचे पुढचे वाक्य कोणते असेल हे त्याला आधीच ठाऊक झालेले असते. कथा पाठ होते, पण तिचा धक्का नाहीसा होतो. एका निरपराध माणसाला रात्री पकडून नेतात, त्याचे सोबती पळून जातात आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडते, हे ऐकून ज्याच्या मनात काहीच हलत नाही तो अविश्वासू असतो असे नाही; त्याला केवळ सवय झालेली असते. लहानपणी ऐकलेल्या राक्षसांच्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या आणि शापित राज्यांच्या गोष्टी ख्रिस्ती श्रद्धा खोल करू शकतात असे जे म्हटले जाते, ते समजून घेण्यासाठी या सवयीपासूनच सुरुवात करावी लागते.

खेड्यातल्या मंडळीत या विचाराला विरोध होतो आणि तो विरोध पोकळ नाही. अभद्र कहाण्यांपासून दूर राहा असे पौल तीमथ्याला बजावतो (१ तीमथ्य ४:७). आम्ही तुम्हांला जे कळवले ते चातुर्याने रचलेल्या कथांवरून नव्हे, आम्ही ते स्वतः पाहिले, असे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे (१:१६). विदर्भातील ज्या कुटुंबांनी काही पिढ्यांपूर्वी ही श्रद्धा स्वीकारली, त्यांपैकी काहींनी जुन्या देवांबरोबर जुन्या गोष्टीही उंबरठ्याबाहेर ठेवल्या. आजीकडच्या गोष्टी बंद झाल्या आणि त्यांच्या जागी पाठ करायची वचने आली. अशा घरात वाढलेला पाळक राक्षसाच्या गोष्टीला खोटेपणा म्हणत असेल, तर त्यामागे त्याच्या घराण्याने मोजलेली किंमत आहे, हे विसरून चालणार नाही.

तरीही ही दोन्ही वचने नेमके काय नाकारतात ते पाहावे लागते. पेत्राच्या पत्राचा आग्रह साक्षीबद्दल आहे, म्हणजे रचलेली गोष्ट घडलेली म्हणून आम्ही सांगितली नाही, असा त्याचा दावा आहे. पौलाला चिंता आहे ती शुभवर्तमानाची जागा बळकावणाऱ्या भाकड शिकवणुकीची. जी गोष्ट स्वतःला गोष्टच म्हणवते आणि ऐकणाऱ्यालाही ती गोष्ट आहे हे माहीत असते, तिच्याबद्दल ही वचने काहीच बोलत नाहीत. पवित्र शास्त्रात तर अशा गोष्टी आहेतच. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात झाडे आपला राजा निवडायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल हे तिघेही आपापले काम सोडायला तयार होत नाहीत, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा होऊन सर्वांना आपल्या सावलीत बोलावते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवसांत हा अध्याय वाचला तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही. येशूबद्दलही मार्क सांगतो की तो लोकसमुदायाशी दाखल्यांवाचून बोलत नसे (४:३४).

गोष्ट मनात कशी काम करते, याचे सर्वात स्पष्ट उदाहरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला युद्धात मारवले होते. नाथान संदेष्टा त्याच्याकडे जातो, पण आरोप करत नाही. तो एका गरिबाची गोष्ट सांगतो, ज्याच्याकडे एकच मेंढी होती आणि जी त्याच्या मुलांबरोबर वाढली होती; गावातल्या श्रीमंताने पाहुण्यासाठी आपल्या कळपातले जनावर न कापता तीच मेंढी ओढून नेली. दावीद संतापतो आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य आहे असे म्हणतो. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. सरळ आरोप झाला असता तर राजाजवळ सबबी होत्या, अधिकार होता, गरज पडली असती तर पहारेकरीही होते. गोष्ट ऐकताना मात्र त्याला बचाव करण्याचे कारणच दिसले नाही, आणि म्हणून त्याला न्याय अगदी लख्ख दिसला. आपल्याच जीवनातले सत्य पाहण्यासाठी त्याला आधी दुसऱ्या कुणाच्या तरी जीवनात जाऊन यावे लागले.

विसाव्या शतकात हीच प्रक्रिया स्वतःच्या अनुभवातून उलगडून सांगणारा लेखक म्हणजे सी. एस. लुईस. १८९८ मध्ये बेलफास्ट येथे जन्मलेला हा मुलगा ख्रिस्ती घरातच वाढला आणि किशोरवयात नास्तिक झाला. १९१६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने एका रेल्वे स्थानकावरील दुकानातून जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश लेखकाची एक अद्भुत कादंबरी विकत घेतली. मॅकडोनल्ड पूर्वी पाळक होता, पण त्या पुस्तकात उपदेश नव्हता. होते ते जादूचे अरण्य, आणि त्या अरण्यात एक पावित्र्य भरून होते. त्या रात्री आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला आणि उरलेल्या आपल्याला त्यासाठी बराच अधिक वेळ लागला, असे लुईसने पुढे आत्मचरित्रात लिहिले. तो वेळ पंधरा वर्षांचा होता. पुस्तक वाचून त्याचा कोणताही मुद्दा खोडला गेला नव्हता आणि देव आहे हे त्याला पटलेही नव्हते. बदलले होते ते एवढेच की चांगुलपणा कंटाळवाणा असतो ही त्याची समजूत मोडली होती, आणि ज्याला नाव देता येत नव्हते अशा कशाची तरी ओढ त्याला लागली होती.

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ऑक्सफर्डमध्ये लुईस आपले मित्र जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याबरोबर फिरत होता. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या प्राचीन कथा आपल्याला हलवून सोडतात, पण तेच शुभवर्तमानात वाचले की मन कोरडे राहते, अशी त्याची अडचण होती. मित्रांनी दिलेले उत्तर साधारण असे होते: त्या कथा ज्या रीतीने तुझ्या मनाला भिडतात त्याच रीतीने ख्रिस्ताची कथाही भिडू दे, फरक इतकाच की ही कथा खरोखर घडलेली आहे. त्यानंतर नऊ दिवसांनी, भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय पाहायला जाताना, येशू देवाचा पुत्र आहे यावर लुईसचा विश्वास बसला. निघताना नव्हता आणि पोहोचल्यावर होता, असे तो सांगतो. कथेने वर्षानुवर्षे केलेले काम असे एखाद्या साध्या प्रवासात, कुणालाही न सांगता पूर्ण होऊ शकते.

पुढे १९५० ते १९५६ या काळात, लुईसने मुलांसाठी लिहिलेल्या नार्निया या काल्पनिक देशाच्या सात गोष्टी प्रसिद्ध झाल्या. त्यांत एक बोलणारा सिंह त्या देशाचा तारणारा म्हणून येतो. त्यांमागचे कारण त्याने एका निबंधात मांडले आहे. देवाबद्दल किंवा ख्रिस्ताच्या दुःखाबद्दल आपल्याला जे वाटायला हवे असे सांगितले जाते ते वाटणे लहानपणी इतके कठीण का जात होते, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो, आणि ‘वाटायला हवे’ हे सांगणेच मुख्य अडथळा होता असे उत्तर देतो. आज्ञेने भावना गोठते. दबक्या आवाजाने, सक्तीच्या गांभीर्याने सगळा विषय एखाद्या आजारपणासारखा होऊन जातो. तेच सत्य काल्पनिक जगात नेले, तर दारावर पहारा देणारी ही सक्ती चुकवून ते आत शिरू शकेल, असा त्याचा अंदाज होता. रविवारच्या शाळेत हात जोडून, डोळे मिटून, कोपराने ढोसले जात बसलेल्या कोणत्याही मुलाला हे मान्य होईल.

इथे एक फरक समजून घ्यावा लागतो, कारण तो न समजल्यामुळे चांगल्या गोष्टींचे बरेच नुकसान होते. जॉन बन्यनने १६७८ साली प्रसिद्ध केलेली यात्रेकरूची कथा हे रूपक आहे. मराठीत हरि केशवजी यांनी १८४१ सालीच ती ‘यात्रिक क्रमण’ या नावाने आणली. तिच्यात प्रत्येक पात्र एका गुणाचे, दोषाचे किंवा अवस्थेचे नाव घेऊन येते आणि वाचक ते उलगडत जातो. लुईसचा सिंह तसा नाही. दुसरे एखादे जग असते, तिथले रहिवासी बोलणारे प्राणी असते, आणि त्या जगालाही तारणाऱ्याची गरज पडली असती, तर देवाच्या पुत्राने तिथे कोणते रूप घेतले असते, हा त्याचा प्रश्न आहे. पहिल्या प्रकारात गोष्ट सोडवायची असते आणि दुसऱ्यात तिच्यात राहायचे असते. त्यामुळे गोष्ट संपताक्षणी ‘मग सिंह म्हणजे कोण, मुलांनो?’ असे विचारणारी शिक्षिका नकळत गोष्टीचा जीव घेते. मुलाला उत्तर सापडते, वही मिटते, आणि जे वर्षभर मनात घोळले असते ते पाच मिनिटांत निकालात निघते.

मनात घोळणे म्हणजे काय, याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण याच मालिकेतील १९५२ च्या गोष्टीत आहे. एक हावरट, तक्रारखोर मुलगा राक्षसी सर्पाच्या खजिन्यावर झोपतो आणि उठतो तेव्हा स्वतःच तसा पंखांचा, खवल्यांचा सर्प झालेला असतो. सिंह त्याला एका झऱ्याकाठी नेतो आणि आधी कातडी उतरवायला सांगतो. मुलगा नखांनी खरवडून कातडी काढतो. खाली तशीच दुसरी असते. ती काढतो, तिच्याखालीही तशीच. तीनदा हे झाल्यावर सिंह म्हणतो की आता मला काढू दे. त्याचे नख इतके खोल जाते की ते काळजापर्यंत गेले असे मुलाला वाटते, भयंकर दुखते, आणि मग त्याला उचलून पाण्यात टाकले जाते. आठ वर्षांच्या मुलाला यात फक्त थरार दिसतो आणि तेवढे पुरेसे आहे. तोच माणूस चाळिशीत दारू सोडण्याची किंवा भावाशी धुऱ्यावरून चाललेले वैर मिटवण्याची तिसरी शपथ मोडून बसतो, तेव्हा माणूस आपल्या कर्मांनी तरत नाही, कृपेने तरतो हे लहानपणी पाठ केलेले वचन त्याच्या मदतीला येते खरे, पण त्या वचनाला चित्र पुरवते ती गोष्ट. मी स्वतः प्रयत्न केला नाही असे नाही, माझे नख तेवढे खोल जात नव्हते, हे त्याला कळते. कृपा ही गोड भावना नसून वेदना देणारी शस्त्रक्रिया असू शकते, हेही कळते. शिकवण त्याच्याजवळ आधीपासून होती. तिचा उपयोग कुठे होतो ते गोष्टीने दाखवले.

टोल्किनने याच विषयाची दुसरी बाजू १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्याख्यानात मांडली. उत्तम अद्भुत कथेत सर्व काही बुडाले असे वाटत असताना एक अनपेक्षित वळण येते आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, डोळे भरून येतात. हे वळण कुणाच्या हक्काचे नसते, ते पुन्हा येईलच अशी खात्रीही देता येत नसते, आणि त्याआधीचे दुःख खोटे नसेल तरच ते वळण खरे ठरते. ख्रिस्ताचा जन्म हे मानवी इतिहासातील असे वळण आहे आणि पुनरुत्थान हे त्या अवतारकथेतील, असे त्याचे म्हणणे होते. ज्या मुलाने गोष्टींमध्ये हे वळण अनेकदा अनुभवले आहे, ते ईस्टरची सकाळ एखाद्या नियमासारखी स्वीकारत नाही. रिकाम्या कबरीपाशी स्त्रिया का थरथरल्या हे त्याला आतून समजते. शनिवारचा दिवस वगळून थेट रविवारचा जयघोष सुरू करणाऱ्या उपासनांना या व्याख्यानापासून शिकण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

आता हे सगळे आर्णी, कारंजा किंवा सिंदेवाहीकडच्या मुलाला कसे सांगायचे? नार्नियात कायमचा हिवाळा असतो आणि नाताळ कधीच येत नाही. विदर्भातल्या मुलाला यात भीती वाटत नाही, कारण आपल्याकडे हिवाळा हा सुखाचा ऋतू आहे; नाताळात कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत असतात, आणि शेकोटीभोवती बसण्यासारखे दुसरे सुख नसते. आपले भय उन्हाळ्याचे आहे. त्यामुळे सांगणाऱ्याने खुशाल असा देश सांगावा जिथे कायम वैशाख आहे, मृग कधी लागत नाही, विहिरी आटल्या आहेत आणि ढग येऊन नुसते निघून जातात. सिंह त्या देशात पाऊल टाकतो त्या दिवशी पश्चिमेकडून मातीचा वास येतो. मूळ पुस्तक आपल्या जागी सुरक्षित राहील, आणि तारण म्हणजे काय ते इथल्या मुलाच्या अंगाला कळेल.

नार्नियाच्या गोष्टीतल्या चेटकिणीच्या बाबतीत मात्र जास्त सावधपणा हवा. इंग्लंडमधल्या मुलासाठी चेटकीण केवळ पुस्तकात असते. आपल्याकडे करणी केल्याच्या संशयावरून खऱ्या बायांना, बहुधा एकट्या आणि गरीब बायांना, मारहाण झालेली आहे, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नाही. ज्या गावात आजारी पोराचा किंवा मेलेल्या बैलाचा दोष एखाद्या विधवेवर टाकला जाऊ शकतो, तिथे गोष्टीतली दुष्ट म्हातारी ही निरुपद्रवी कल्पना राहत नाही. पहिल्या नार्निया-कथेतील खलनायिका म्हातारी नाहीच. ती उंच, देखणी आणि स्वतःला राणी म्हणवणारी आहे, लोकांना दगड करणारी सत्ता आहे. तिला ‘जुलमी राणी’ म्हणावे. त्याने कथेशी इमान राहते आणि शेजारणीवर संकट येत नाही.

विदर्भाच्या स्वतःच्या कथाभांडाराशी ख्रिस्ती माणसाने कोणते नाते ठेवावे, या प्रश्नाला इथल्याच इतिहासात एक विलक्षण उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाने ओळखले जाते. शुभवर्तमान सांगणाऱ्या या माणसाने गोंडांचे लिंगोगीत एका परधान गायकाकडून लिहून घेतले होते. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्याचा अंत झाला, आणि त्याची टिपणे रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गीतात लिंगोचा त्याच्याच भावांकडून वध होतो, अमृताने तो पुन्हा उठतो, आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे आजही माघ पौर्णिमेला त्याच श्रद्धेने यात्रा भरते. लिंगोची कथा परीकथांच्या रांगेत बसवणे चुकीचे ठरेल. ती एका समाजाची पवित्र कथा आहे आणि तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. पण मृत्यूतून परत येऊन आपल्याच मारेकऱ्यांच्या जातभाईंना सोडवणारा नायक सातपुड्याच्या जंगलातही गायला गेला होता, हे ख्रिस्ती वाचकाने कळून घ्यावे. ऑक्सफर्डच्या त्या रात्रीचा प्रश्न इतक्या जवळही विचारला जाऊ शकतो. आपल्या कथेला धोका आहे असे समजून अशा कथांकडे पाठ फिरवण्यापेक्षा माणसाची ओढ किती जुनी आहे हे ओळखणे श्रद्धेला जास्त बळ देते.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असे त्यांनी म्हटले. फुलामुलांचा कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच टिळकांच्या एका प्रसिद्ध कवितेत घायाळ पक्षीण आपल्या पिलांशी शेवटचे बोलते. शाळेत ही कविता शिकताना कितीतरी पिढ्यांचे डोळे पाणावले असतील, पण पक्षी बोलतात का, असे कुणी उठून विचारल्याचे ऐकिवात नाही.

अर्थात गोष्टींची मर्यादाही मान्य केली पाहिजे. नार्नियाच्या पुस्तकांचे असंख्य वाचक त्यांतला ख्रिस्त न ओळखता त्यांवर प्रेम करतात, आणि काही जण मोठेपणी ओळखतात तेव्हा फसवले गेल्यासारखे चिडतात. गोष्ट प्रार्थनेची, मंडळीच्या सहवासाची किंवा शेजाऱ्याच्या सेवेची जागा घेऊ शकत नाही. शूर राजपुत्राची गोष्ट ऐकत वाढलेला माणूस कर्जबाजारी शेजाऱ्याच्या दारात जायला कचरत असेल, तर गोष्टीने त्याची करमणूक तेवढी केली. शिवाय ‘हे खरे आणि हे कल्पित’ ही सीमा घरात स्पष्ट हवी. ‘आबाजी, हे खरंच झालं होतं का जी?’ असे नातवाने विचारले, तर सिंहाच्या गोष्टीबद्दल ‘नाही’ आणि रिकाम्या कबरीबद्दल ‘हो’ असे न अडखळता सांगता आले पाहिजे. ही दोन उत्तरे एकाच आवाजात मिळालेले मूल पुढे गोष्टीवर रागावत नाही आणि शुभवर्तमानावर संशयही घेत नाही.

पण एखादे मूल याच्या उलट्या टोकालाही जाऊ शकते. १९५५ मध्ये अमेरिकेतील एका आईने लुईसला कळवले की तिचा नऊ वर्षांचा मुलगा काळजीत पडला आहे, कारण आपण येशूपेक्षा त्या सिंहावर जास्त प्रेम करतो असे त्याला वाटते. लुईसने लगेच उत्तर पाठवले. सिंहाने जे केले किंवा म्हटले म्हणून मुलाला तो आवडतो, ते येशूनेच खरोखर केले आणि म्हटले आहे, तेव्हा सिंहावर प्रेम करतो असे वाटताना तो येशूवरच, कदाचित पूर्वीपेक्षा अधिक, प्रेम करत आहे, असे त्याने समजावले. सिंहाचे शरीर मुलाला जास्त आवडत असेल तर देवाला त्याचे नवल वाटणार नाही, लहान मुलाची कल्पना कशी चालते हे त्यालाच ठाऊक आहे, असेही लिहिले. मग त्याने मुलासाठी एक छोटी प्रार्थना सुचवली: या भावनांत काही वाईट असेल तर ते काढून टाक, आणि नसेल तर ही काळजी काढून टाक. आणि प्रार्थनेच्या शेवटी मुलाने हवे तर आणखी एक ओळ जोडावी, असे सुचवले: लुईस साहेबांच्या पुस्तकांनी आणखी कुणा मुलाला काळजीत टाकले असेल किंवा अपाय केला असेल, तर त्यांना क्षमा कर आणि पुन्हा तसे न करण्यास त्यांना मदत कर.